सुट्या तुकड्यांचं टेशन

दर रविवारी मी जाफर गेटच्या बाजाराला जातो अन् खेळण्यांच्या ढिगापाशी फतकल मारून बसतो. बहात्तर वर्षांचा माणूस, डोक्याला टोपी, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, अन् पोत्यातून ओतलेल्या प्लास्टिकमध्ये कोपरापर्यंत हात. लोक बघतात. बघू दे. मला त्यातली आगगाडी नको, मोटार नको, बाहुली तर नकोच. मला टेशन पाहिजे. जपानी खेळण्यातल्या आगगाडीचं टेशन, तेही अख्खं नाही. तुकड्या-तुकड्यानं.

हे टेशन अख्खं येतच नाही. फलाटाचा तुकडा वेगळा, खांब वेगळे, छप्पर वेगळं, जिना वेगळा, तिकीट दाखवून आत जायचं फाटक वेगळं, चहाचं दुकान वेगळं. प्रत्येक तुकड्याच्या बुडाला चार भोकं अन् डोक्यावर चार खुंट्या. कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर बसतो. बोटानं दाबलं की टक् करून बसला, ओढलं की निघाला. मी सारा जन्म गवंडीकाम केलं. जोतं नाही, सिमेंट नाही, पाणी मारायचं नाही, अन् तरी बांधकाम उभं राहतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला होता. खोटं काम वाटलं होतं.

माझ्या सदऱ्याच्या खिशात फलाटाचा एक तुकडा कायम असतो. मापाला. ढिगात दिसायला तसेच, पण नकली तुकडे लई असतात. त्यांची खुंटी केसभर जाड असते, नाहीतर केसभर बारीक. जाड असली तर बसत नाही, बारीक असली तर डुलते. रंगावर जाऊन उपयोग नाही, ऊन लागून सगळेच पिवळे पडतात. बसवून बघावं लागतं. अस्सल तुकडा बसताना बोटाला कळतो.

ढीगवाल्याला माझी सवय झालीय. हा बाहेरच्या देशातून आलेली जुनी खेळणी पोत्यानं आणून विकतो. मी दिसलो की तिकडूनच ओरडतो, "आओ इंजिनेर साब! चाचा, तुम्हारा टेशन कब बनेंगा? गाडी निकल जाएंगी ना!"

"तू खालचा माल वर कर. वरचं सगळं मागच्या रविवारचंच हाय."

"नीचे कुछ नई चाचा, सच्ची. पोते में मैं खुद घुस के देखूं क्या अब?"

"घुस. दम कोंडला तर आवाज दे."

तो हसतो अन् पोतं पालथं करतो. मी शोधतो. तास-दीड तास बसलो की कमरेचा दगड होतो, मग उठतो. बहुतेक रविवारी रिकामाच उठतो.

हे वेड माझं नव्हतं. बायकोचं होतं. ती मागच्या उन्हाळ्यात गेली.

मला लिहिता येतं ते मोजमापापुरतं. लांबी, रुंदी, किती विटा, किती गोण्या. त्यामुळं जे झालं ते झालं तसं लिहितो. गोड करून सांगायला मला कधी जमलं नाही, तिच्याशीही जमलं नाही.

बायको शेवटची काही वर्षं एका जपानी कुटुंबाकडं कामाला होती. शेंद्र्याकडच्या एका कंपनीत साहेब आला होता, बायको अन् लहान लेक घेऊन. ही तिथं धुणं-भांडी, फरशी करायची, अन् दुपारी लेकीजवळ बसायची. जपानी बाईला मराठी येत नव्हतं, हिला तर चौथीतलं इंग्रजीही नाही. बोटं दाखवून अन् हसून चार वर्षं काढली दोघींनी. ती बाई कमरेत वाकून नमस्कार करायची. हिलाही सवय लागली. एकदा दूधवाल्यापुढं अशी वाकली की तो घाबरून दोन पावलं मागं सरला. "मावशी, काय झालं, चक्कर आली का?"

त्या लेकीकडं ही आगगाडी होती. दुपारभर ती टेशन मांडायची, अन् संध्याकाळ झाली की आई तिला सगळं मोडून डब्यात ठेवायला लावायची. एकही तुकडा बाहेर राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी परत नवं टेशन. हिला त्याचंच कौतुक. घरी येऊन सांगायची, "रोज बांधते अन् रोज मोडते ती पोरगी. रडत नाय, कुरकूर नाय. कालचं टेशन तिला आठवतबी नाय."

मी म्हणालो, "तिला कोण काम देईल? मी असा रोज मोडत बसलो असतो तर उपाशी मेलो असतो."

"तुमचं राहू द्या. तुम्ही एकदा बांधलं की त्या घराकडं परत बघायला गेले का कधी?"

हे खरं होतं.

ते कुटुंब देशात परत गेलं तेव्हा बाईनं तो डबा हिला दिला. गाडी बंद पडलेली होती, रूळ अर्धे हरवलेले, पण टेशनचे तुकडे बरेच होते. त्यात एक वेटिंग रूम होती. हिरव्या छपराची, मुठीत मावेल एवढी. आत भिंतीला लागून एक बाक, दोन माणसांपुरता. दार बाजूला सरकायचं.

गुडघे गेले म्हणून हिनं काम सोडलं, अन् घरी बसल्यावर डबा काढला. सकाळची कामं आटोपली की भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची अन् टेशन मांडायची. मी मुकुंदवाडीच्या नाक्यावरून चक्कर मारून यायचो तोवर टेशन उभं. मी टोमणा मारायचो, "म्हातारी झालीस अन् भातुकली मांडू राहिली."

"भातुकली नाय. लासूर टेशन हाय आज."

रोज वेगळं गाव असायचं. आज लासूर, उद्या मुकुंदवाडी, परवा कुठलं तरी तिनं गाडीतून एकदा पाहिलेलं. एक दिवस म्हणाली, "आज पैठण."

पैठण तिचं माहेर. मी म्हणालो, "पैठणला रेल्वे कुठं आली? जन्म गेला एसटीत उभं राहून."

"म्हणून तर बांधते," ती म्हणाली.

गाव कुठलंही असो, पहिला तुकडा ठेवायची ती वेटिंग रूम. मग फलाट, मग छप्पर, जिना शेवटी. मोडताना उलटं. वेटिंग रूम सगळ्यात मागून डब्यात जायची. मी एकदा विचारलं, "आधी जोतं करायचं सोडून खोली काहून मांडती? फलाटच नाही अन् खोली कशावर?"

"बसायला जागा नको का आधी? गाडी कधी येईल ती येईल."

मला माहीत होतं ती कुठलं बोलत होती. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही लासूर टेशनला होतो. मोंढ्यातल्या धान्याच्या गोदामांचं काम चालू होतं अन् आम्ही तिथंच पत्र्याच्या खोलीत राहायचो. तिला दिवस भरलेले होते. ज्या दिवशी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, त्या दिवशी आमचा स्लॅब होता. मिक्सर फिरत होता, पंचवीस माणसं पाट्या उचलत होती. स्लॅबचं काम मधी सोडता येत नाही. सोडलं तर तिथं सांधा राहतो अन् पुढं जन्मभर गळतो. मी तिला शेजारणीबरोबर टेशनला पाठवलं. म्हणालो, तू पुढं हो, स्लॅब झाला की आलोच. गाडी चार तास उशिरा आली. ते चार तास ती तिथल्या वेटिंग रूममध्ये बाकावर बसून होती, कळा सोसत. शहरातल्या दवाखान्यात पोचली तेव्हा रात्र झाली होती. पहाटे लेक झाली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. कपड्यांवर सिमेंट तसंच.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं अन् विचारलं, "स्लॅब गळत तर नाय ना?"

एवढंच. त्यानंतर पन्नास वर्षांत त्यावर ती एक शब्द बोलली नाही.

तर ते टेशन. तिच्याकडं फाटक नव्हतं. जपानी पोरीनं हरवलं असेल. ती दोन खांब उभे करून मधी जागा सोडायची अन् म्हणायची, हे फाटक समजा. एका रविवारी मी जाफर गेटला थापी घ्यायला गेलो होतो. त्या ढिगात मला तसलाच तुकडा दिसला, छोटं फाटक, दोन्ही बाजूला खुंट्या. घेऊन आलो. तिच्या पुढ्यात टाकलं. म्हणालो, "हे घे. भंगारात पडलं होतं."

तिनं दाबून पाहिलं. टक् झालं. असं हसली ती! मग उठली, देवघरातून हळद-कुंकू आणलं अन् त्या बोटभर फाटकाला लावलं. वर तुळशीचं पान ठेवलं.

आमच्या कामात चौकट बसवायच्या दिवशी घरधनीण पूजा करते अन् गवंड्याला टॉवेल-टोपी अन् नारळ देते. चौकट बसली की ते घर झालं, भिंती नंतर. मी कितीक चौकटी बसवल्या अन् कितीक नारळ फोडले. हिनं कपाटातून माझाच धुतलेला टॉवेल काढला, माझ्या खांद्यावर टाकला, हातावर साखर ठेवली. "घ्या मिस्त्री. नारळ उधार."

"घरचा मिस्त्री हाय म्हणून फसवू राहिली का?"

"मग जा दुसऱ्या साईटवर."

दोघं लई हसलो. त्या दिवसापासून मीही बाजारातून तुकडे आणू लागलो. जिना आणला, दुसरा फलाट आणला. साबणाच्या पाण्यात धुवायचो, सावलीत वाळवायचो, कारण उन्हात ते वाकडे होतात. ती मांडायची, मी बाजूला बसून सांगायचो, हा खांब ओळंब्यात नाही, तो सांधा उघडा राहिलाय. ती ऐकायची नाही. तिचं टेशन कधी सरळ नसायचं. कुठं एक खुंटी सोडलेली, कुठं छप्पर अर्धं बाहेर.

चूक माझी इथून सुरू झाली. फाटकाची पूजा झाल्यावर ते रोज संध्याकाळी उपटून डब्यात टाकलेलं मला बघवेना. पूजलेली चौकट कोणी काढतं का? खेळणं असलं म्हणून काय झालं, हळद तर खरी होती. दोन-तीनदा बोललो तिला. ती म्हणायची, "मग परत लावीन की हळद. हळदीला काय तोटा?"

ती भावाकडं पैठणला गेली होती आठ दिवस, तिकडं जावळ होतं. मी ठरवलं, आली की तिला पक्कं टेशन दाखवायचं. लाकडी फळी आणली. तिच्यावर सिमेंटचं जोतं केलं, बोटभर उंच, घोटून गुळगुळीत. नळ गळला की लावतात तो दोन वड्या एकत्र मळून करायचा मसाला आणला. एकेक तुकडा मसाल्यात बसवला. खांब ओळंब्यात सरळ, छप्पर पाणसळीत सपाट. सांध्यांतल्या फटी, आम्ही दर्जा म्हणतो त्या, काडेपेटीच्या काडीनं भरल्या. चार दिवस लागले. खरं सांगतो, तेवढं बारीक काम मी कोणाच्या बंगल्याचंही केलं नव्हतं. घरात जेवढे तुकडे होते तेवढे सगळे त्यात लावले. एकही बाहेर ठेवला नाही.

ती आली. पिशवी हातातच होती. मी म्हणालो, "बघ."

ती वाकली. छपराला बोट लावलं. मग वेटिंग रूमला दोन बोटांनी धरून ओढलं.

"निघत नाय?"

"निघंल कसं? भूकंप आला तरी निघणार नाही."

"व्हय," ती म्हणाली. "पक्कं झालं." अन् पिशवी ठेवून चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती मांडायला बसली नाही. बसणार काय घेऊन? मला ते कळायला चार-पाच दिवस लागले. मी विचारलं, "आता खेळत काहून नाहीस?"

"काय खेळू? आता ते बघायचं झालं ना. बघते की."

अन् खरंच बघायची. फडक्यानं पुसायची, परत टेबलावर ठेवायची. जशी माणसं परक्याच्या घरातली वस्तू जपून पुसतात तशी. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी तिला म्हणालो, नवे तुकडे आणतो, सुटे. तेव्हापासून हा रविवार सुरू झाला. वर्षभरात फलाट भेटले, खांब भेटले, जिना भेटला, छपरं तर तीन भेटली. फाटक दुसरं भेटलं, निळं. तिला दाखवायचो. ती हातात घेऊन फिरवून बघायची अन् डब्यात ठेवायची. मांडायची नाही.

"वेटिंग रूम भेटली का?" दर रविवारी हाच प्रश्न.

"नाही भेटली."

"मग राहू द्या. भेटली की मांडीन."

ती वेटिंग रूम काही भेटेना. ढीगवाल्याला मी हातानं आकार करून दाखवला, हिरवं छप्पर, सरकतं दार. तो म्हणाला, "चाचा, ये वाला मिलताच नई. सौ पोते में एक." नकलीसुद्धा भेटली नाही.

मग तिचं दुखणं सुरू झालं. हृदय मोठं झालंय म्हणाले. दोन पायऱ्या चढली की धाप. नंतर नंतर खाटेवरच असायची. उशीला टेकून बसवलं की समोर टेबलावर ते माझं टेशन दिसायचं. एक दिवस दुपारी म्हणाली, "अहो, त्यातलीच काढता येईल का ती?"

मला कळलं ती काय म्हणू राहिली. तरी मी विचारलं, "कोणती?"

"ती हिरवी. एवढीच. बाकी राहू द्या तसं."

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "नाही निघायची. मी बसवलेली हाय ती."

हे मी तोऱ्यात म्हणालो. आवाजात तोरा होता, मला अजून ऐकू येतो. छन्नी-हातोडी पलंगाखाली, हात पुरला असता. पण मी बसवलेलं मीच फोडायचं, ते माझ्याच्यानं होईना. म्हणालो, "दुसरी आणतो. कुठं जाती?"

"बरं," ती म्हणाली. "बघा मग."

तीन आठवड्यांनी दवाखान्यात नेली. तिथून परत आली नाही.

तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी परत बाजारात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. ढीगवाल्यानं त्या दिवशी मी न सांगता पोतं पालथं केलं अन् माझ्याबरोबर शोधायला बसला.

लेक फुलंब्रीला दिलेली आहे. मला दादा म्हणते. दर पंधरा दिवसांनी येते, डबा आणते, घर झाडते अन् मला बोलते. जिभेनं माझ्यावर गेलीय. मागच्या आठवड्यात आली तर मी तुकडे धूत बसलो होतो.

"दादा, तुम्ही अंघोळ कधी केली होती?"

"काल."

"अन् ह्या प्लास्टिकनं?"

"आज."

"मग बरोबर हाय. त्याला अंघोळ, तुम्हाला नाही." तिनं डबा उघडून बघितला. काठोकाठ भरलेला. "आई गेली, आता कोणासाठी गोळा करू राहिले? द्या ना अंगणवाडीत. पोरं खेळतील."

"एक तुकडा यायचाय."

"कोणता?"

मी टेबलावरच्या टेशनाकडं बोट केलं. हिरवं छप्पर दाखवलं. ती बघत राहिली, मग पदरानं हात पुसत खाली बसली. म्हणाली, "दादा, मी तुम्हाला एक बोलले नाही. आई खाटेवर होती तेव्हा फोनवर मी तिला म्हणाले होते, दादांना सांगते मी, ती हिरवी काढून द्या म्हणून. तर मला म्हणाली, सांगू नको. म्हणाली, त्यांनी कोणाच्या घराला लावला नसंल एवढा जीव लावून बसवलंय. फोडायला सांगितलं तर फोडतील, पण त्यांच्या हाताला ते बरं नाही वाटणार."

लेक उठून भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ राहिला.

बायकोला वाटलं होतं, सांगितलं तर मी फोडीन. तिनं सांगितलंच होतं एकदा, अन् मी फोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेक गेल्यावर मी फळी जमिनीवर घेतली. हातोडी चालणार नव्हती, प्लास्टिकचा चुरा झाला असता. लोखंड कापायचं पातं होतं, त्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं अन् सांध्यात घातलं. मसाला दगड झाला होता. मी केलेला होता, दगड होणारच. थोडं कापायचं, फुंकर मारायची, परत थोडं. माझे हात आता थरथरतात. पूर्वी मी एका हातानं कोपरा धरायचो, आता दुसऱ्या हातानं पहिला हात धरावा लागतो. मनात शिव्या देत होतो, कोणी बसवलंय हे असं. पहिल्या दिवशी दोन बाजू सुटल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी. चौथ्या बाजूला पातं पोचत नव्हतं, तर मी हलकेच पिळलं. कट्ट आवाज झाला.

निघाली. छपराचा एक कोपरा गेला होता अन् बुडातली दोन भोकं मसाल्यानं बुजली होती. सुईनं कोरून बघितली, एक मोकळं झालं, दुसरं नाही. दार मात्र शाबूत. जोत्यावर चौकोनी खड्डा राहिला. बाकी टेशन तसंच उभं, मधी दात पडल्यासारखं.

काल सकाळी मी मांडायला बसलो. भिंतीला टेकलो, पाय लांब केले, तिच्यासारखे. खाली तिची मोठी सतरंजी अंथरली. आधी वेटिंग रूम ठेवली. बुडाला मसाला राहिलेला, म्हणून ती सपाट बसेना, एका बाजूला कलली. खाली काडी सारावी, चिकटवावी, असं हाताला लगेच वाटलं. नाही लावलं. कलू दिली. मग फलाट, मग खांब, छप्पर, जिना. टक्, टक्. दहा मिनिटांचं काम, मला दीड तास लागला. झालं तेव्हा मला गावच ठरवता येईना. लासूर म्हणावं तर लासूर वाटेना. तिनं एवढी गावं मांडली, मी समोर बसून नुसते ओळंबे काढले. कुठल्या गावाला जिना कुठं होता, हे एकदाही नीट बघितलं नाही. मला वाटायचं उद्या परत मांडीलच ती.

दिवसभर ते तसंच राहिलं. मी भाकरी त्याच्यासमोर बसून खाल्ली. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "काय करू राहिले, दादा?"

"टेशन मांडलं."

"हिरवी निघाली?"

"निघाली. कोपरा गेला एक."

"जाऊ द्या कोपरा. मोडलं का मग?"

"अजून नाही."

"मोडा, दादा. दिवस मावळला. आई ठेवायची का असं?"

"मोडतो की."

"आत्ता मोडा. मी फोनवर हाय."

मी फोन बाजूला ठेवला अन् जिना काढला. वाटलं होतं लई जड जाईल. मी जन्मात कधी बांधलेलं उतरवलं नव्हतं, ती एक वेटिंग रूम सोडली तर. पण ते तुकडे निघायलाच केलेले आहेत. बोट लावलं की सुटतात. छप्पर सुटलं, खांब सुटले, फलाट एकामागं एक सुटत आले. शेवटी वेटिंग रूम. तिला ओढावंही लागलं नाही, नुसती उचलली. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज लेकीला ऐकू गेला असावा, कारण तिकडून ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग जेवा आता," म्हणाली, अन् फोन ठेवला.

सतरंजी राहिली होती. तिच्या वेळी मोडून झालं की ती आतून हाक मारायची, "या ओ, टोकं धरा." दोन टोकं ती धरायची, दोन मी. झटकायचो, पुढं यायचो, माझी टोकं तिच्या हातात द्यायचो. तिच्या त्या सगळ्या खेळात माझं काम एवढंच. काल मी एकट्यानं घडी घालायला गेलो. एक टोक उचललं की दुसरं निसटायचं. हनुवटीखाली धरून पाहिलं, दाराला अडकवून पाहिलं. गोळा होत होता, घडी होत नव्हती.

मग सोडून दिली. तशीच अंथरलेली राहू दिली खाली. सकाळी लागणारच होती.